कामगाराची भरपाई आणि अपिलाची वाट

६ जुलै १९६८ रोजी ओरिसा राज्यातील, म्हणजे आजच्या ओडिशातील, एका चित्रपटगृहात शोभेचे लाकूडकाम करीत असताना एक सुतार उंचावरून खाली पडला. त्याला झालेली इजा इतकी गंभीर होती की, डावा हात कोपरापासून कापून टाकावा लागला. त्याने भरपाई मागितली, तेव्हा मालकाचे म्हणणे असे पडले की, या माणसाचा एकच हात गेला आहे. कायद्याच्या अनुसूचीत हात तुटणे हे कायमचे अंशतः अपंगत्व म्हणून नमूद केलेले असल्यामुळे त्याला तेवढ्याच प्रमाणात रक्कम मिळावी. आयुक्तांनी हे म्हणणे मानले नाही. सुतारकाम एका हाताने होत नाही, हा माणूस यापुढे सुतार म्हणून काम करू शकणार नाही. तेव्हा त्याच्यापुरते हे पूर्ण अपंगत्वच होय, असा त्यांनी निर्णय दिला. मालकाने उच्च न्यायालयात आणि तेथे अपयश आल्यावर सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ४ डिसेंबर १९७५ रोजी लागला आणि तोही सुताराच्या बाजूने लागला. अपघातापासून या निकालापर्यंत सुमारे साडेसात वर्षांचा काळ लोटला होता.

या एका प्रकरणात कामगार-भरपाईच्या कायद्यातील बहुतेक सर्व प्रश्न एकत्र आलेले आहेत. इजा किती झाली हे कोणी ठरवायचे? खालच्या अधिकाऱ्याने ठरविलेले वरच्या न्यायालयाने केव्हा बदलावे? आणि हे सर्व चालू असताना हात गमावलेल्या माणसाने कशावर जगावे? या व्याख्यानाचा विषय या तीन प्रश्नांपुरता मर्यादित आहे.

भरपाईचा हक्क हा फार जुना नाही. यंत्रयुगाच्या आरंभी इंग्लंडमधील कामगाराला इजा झाल्यास त्याला सर्वसाधारण कायद्यानुसार दावा लावावा लागे, आणि मालकाचा निष्काळजीपणा स्वतः सिद्ध करून द्यावा लागे. हे काम अवघड होतेच. त्यात १८३७ सालच्या एका निकालाने आणखी भर घातली. एका खाटकाचा नोकर जादा भरलेली गाडी मोडल्यामुळे जखमी झाला होता. त्याचा दावा नामंजूर झाला आणि त्या निकालातून पुढे 'समान सेवे'चे तत्त्व रूढ झाले. एखाद्या कामगाराला सहकाऱ्याच्या चुकीने इजा झाली, तर तो धोका त्याने नोकरी पत्करतानाच पत्करलेला असतो, असे या तत्त्वाचे सार. गिरणीत किंवा खाणीत बहुतेक अपघात कोणा ना कोणा सहकाऱ्याच्या हातून घडत असल्यामुळे बहुतेक कामगार रिकाम्या हातांनी परत जात. १८९७ साली ब्रिटिश पार्लमेंटने कामगार भरपाईचा कायदा करून ही वाट सोडून दिली. चूक कोणाची, हा प्रश्नच बाजूला ठेवण्यात आला. अपघात कामाच्या ओघात आणि कामामुळे झाला एवढे सिद्ध झाले की, मालकाने ठरावीक रक्कम द्यावी, असे नवे सूत्र आले.

हिंदुस्थानात त्याच सूत्रावर १९२३ चा कामगार भरपाई अधिनियम करण्यात आला आणि तो १ जुलै १९२४ पासून अमलात आला. त्यापूर्वी येथे मृत्यूपुरता १८५५ चा प्राणघातक अपघात अधिनियम होता. परंतु त्याचा आधार घेणाऱ्या वारसांनाही दुसऱ्याचा दोष सिद्ध करावा लागे. १९२३ च्या कायद्याने दिलेली देणगी दुहेरी होती. मालकाच्या दोषाची चौकशी नको आणि दिवाणी न्यायालयाची लांब वाटही नको. भरपाईचे सर्व वाद आयुक्त नावाच्या अधिकाऱ्याने ऐकावेत, दिवाणी न्यायालयाने त्यांत पडू नये, असे त्यात स्पष्ट नमूद होते. २००९ सालच्या दुरुस्तीने या कायद्याच्या नावातील 'कामगार' हा शब्द बदलून 'कर्मचारी' हा व्यापक शब्द घालण्यात आला.

रक्कम ठरविण्याची रीतही मुद्दाम सोपी ठेवण्यात आली. मृत्यू आल्यास मासिक वेतनाच्या ५० टक्के आणि कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ६० टक्के रक्कम घ्यावी व तिला वयानुसार अनुसूचीत दिलेल्या गुणकाने गुणावे, अशी ही रीत आहे. वयाच्या ३० व्या वर्षी हा गुणक २०७.९८, ४० व्या वर्षी १८४.१७ आणि ५० व्या वर्षी १५३.०९ असा उतरत जातो. हिशेबासाठी धरावयाच्या वेतनाला मर्यादा असते. १९२३ च्या कायद्याखाली ती २०२० साली दरमहा १५,००० रुपये करण्यात आली. म्हणजे तेवढे वेतन असलेला ३० वर्षांचा कामगार कायमचा पूर्ण अपंग झाला, तर ९,००० गुणिले २०७.९८, म्हणजे १८,७१,८२० रुपये, असा हिशेब होतो. अंशतः अपंगत्वासाठी वेगळी यादी आहे. तीत अंगठा गेल्यास ३० टक्के, तर्जनी पूर्ण गेल्यास १४ टक्के, अशी कमाईच्या क्षमतेतील घट लिहिलेली आहे. हे आकडे वाचताना मन विषण्ण होते हे खरे. परंतु बोटाची किंमत ठरविण्याचा त्यांचा हेतू नाही. अशिक्षित कामगारालाही आपला हक्क मोजता यावा आणि मालकाला घासाघीस करण्यास जागा राहू नये, हा त्यांचा उपयोग आहे. तरीही प्रत्येक धंद्यात प्रत्येक अवयवाचे मोल सारखे नसते. सुताराच्या प्रकरणात नेमका हाच मुद्दा होता आणि न्यायालयाने यादीपेक्षा त्या माणसाच्या धंद्याकडे पाहिले.

अशा सोप्या व्यवस्थेत अपिलाला जागा किती असावी? जागा मुळीच ठेवली नाही, तर एखाद्या आयुक्ताची चूक कायमची होऊन बसेल. ती सढळ ठेवली, तर पैसेवाला पक्ष अपिलामागून अपील करून दुबळ्या पक्षाला थकवील. १९२३ च्या कायद्याने कलम ३० मध्ये या दोहोंमधील मार्ग काढला. अपील थेट उच्च न्यायालयात करावयाचे. पण ते आयुक्ताच्या प्रत्येक आदेशावर करता येत नाही. भरपाईची एकरकमी रक्कम देणारा किंवा दावा फेटाळणारा आदेश, व्याज अथवा दंड लावणारा आदेश, मृताच्या आश्रितांमध्ये रक्कम वाटून देणारा आदेश, ठेकेदाराकडून रक्कम वसूल करण्याचा मुख्य मालकाचा हक्क मान्य वा अमान्य करणारा आदेश, समझोत्याची नोंदणी नाकारणारा आदेश अशा मोजक्या आदेशांवरच ते चालते. मुदत ६० दिवसांची. योग्य कारण दाखविल्यास उशीर माफ होऊ शकतो. वादातील रक्कम पूर्वी किमान ३०० रुपये असावी लागे. २०१७ च्या दुरुस्तीने ती मर्यादा १०,००० रुपयांवर नेली.

यांखेरीज दोन अटी विशेष महत्त्वाच्या आहेत. पहिली अट अशी की, मालकाला अपील करावयाचे असेल, तर आयुक्तांनी ठरविलेली संपूर्ण रक्कम त्याने आधी आयुक्तांकडे भरली पाहिजे, आणि तसे आयुक्तांचे प्रमाणपत्र अपिलाच्या अर्जासोबत जोडले पाहिजे. ते नसेल तर अपील दाखलच होत नाही. कामगाराने अपील केल्यास त्याच्यावर अर्थातच असे बंधन नाही. या अटीमागील विचार व्यवहारी आहे. मालक दिवाळखोर झाला, ठेकेदार गाव सोडून गेला, कारखान्याला टाळे लागले, तरी भरलेली रक्कम सुरक्षित राहते. आणि केवळ वेळ काढण्यासाठी अपील करणाऱ्याला त्यातून काही लाभ उरत नाही. मात्र अपील चालू असेपर्यंत ही रक्कम कामगाराला न देता रोखून धरण्याची तरतूद कलम ३०-अ मध्ये होती. त्यामुळे पैसा सुरक्षित असूनही जखमी माणसाच्या उपयोगी पडत नसे. २०१७ च्या दुरुस्तीने ते कलम काढून टाकण्यात आले.

दुसरी अट म्हणजे अपिलात कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न गुंतलेला असला पाहिजे. आयुक्तांनी साक्षीपुराव्यावरून जी वस्तुस्थिती ठरविली, ती उच्च न्यायालयाने पुन्हा उकरून काढावयाची नाही. वाचताना हा भेद सोपा वाटतो. प्रत्यक्षात बहुतेक अपिले याच ठिकाणी अडखळतात. कामगाराचे वय काय, वेतन किती, तो त्या मालकाच्या नोकरीत होता काय, अपघात घडला काय, अपंगत्व किती टक्के, आश्रित कोण, हे सारे वस्तुस्थितीचे प्रश्न आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ सालच्या एका निकालात एकामागून एक मोजून सांगितले. त्याआधी २०१६ साली कर्नाटकातील एका प्रकरणात उच्च न्यायालयाने अपंगत्वाची टक्केवारी स्वतःच नव्याने ठरविली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करून आयुक्तांचा निर्णय पुन्हा कायम केला, आणि वस्तुस्थितीच्या बाबतीत आयुक्त हाच शेवटचा अधिकारी होय, असे बजावले.

हा नियम नेहमीच कामगाराच्या पथ्यावर पडतो असे मात्र नाही. डिसेंबर १९६१ मध्ये एका जहाजावरील खलाशी समुद्रप्रवासात नाहीसा झाला. त्याचे प्रेतही मिळाले नाही. तो कसा गेला, याचा पुरावा नाही, म्हणून आयुक्तांनी भरपाई नाकारली. मुंबई उच्च न्यायालयाने अपिलात ती मंजूर केली. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने आयुक्तांचाच आदेश पुन्हा कायम केला. कामावर असताना मृत्यू आला एवढे पुरेसे नाही, तो कामामुळे अपघाताने आला असे अनुमान काढण्याइतपत पुरावा तरी हवा, असे न्यायालयाचे म्हणणे होते. समुद्रावर एकट्याने गेलेल्या माणसाच्या कुटुंबाने पुरावा आणावा कोठून, हा प्रश्न या निकालानंतरही मनात राहतो. त्याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात सहज सापडत नाही.

कायद्याचा खरा प्रश्न कोणता, याचे उत्तम उदाहरण कामाच्या वाटेवरील अपघातांनी पुरविले आहे. काम कोठे सुरू होते आणि कोठे संपते? कारखान्याच्या फाटकाशी, की घराच्या उंबऱ्याशी? १९५२ च्या जून महिन्यात सौराष्ट्रात पोरबंदरजवळच्या मिठागरातून परतणारे काही कामगार खाडी ओलांडताना नाव उलटून बुडाले. कामाच्या जागेची सीमा फाटकाच्या थोडी पलीकडे कल्पनेने वाढविता येते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली मान्य केले. परंतु ही नाव सर्वसामान्य जनतेची होती आणि खाडी हा सार्वजनिक मार्ग होता, म्हणून वारसांचे दावे टिकले नाहीत. पाच वर्षांनी, १९६३ साली, मुंबईच्या एका प्रकरणात निकाल निराळा लागला. बेस्टचा एक बसचालक २० जुलै १९५७ रोजी जोगेश्वरी आगारात आपले काम संपवून बेस्टच्याच दुसऱ्या बसने सांताक्रूझला घरी निघाला. ती बस उभ्या असलेल्या मालमोटारीवर आदळली आणि काही दिवसांनी तो मरण पावला. गणवेशातील चालकाला बसमधून विनामूल्य प्रवासाची मुभा होती आणि शहरभर पसरलेल्या या सेवेला चालक वेळेवर येण्याजाण्याची गरज होती. यास्तव तो प्रवास नोकरीचाच भाग ठरतो, असे बहुमताने ठरून त्याच्या विधवेला भरपाई मिळाली. एका न्यायमूर्तींचे मत मात्र विरुद्ध पडले होते.

याच मालिकेतील अलीकडचे प्रकरण मराठवाड्यातील आहे. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातील एका साखर कारखान्याचा पहारेकरी २२ एप्रिल २००३ रोजी पहाटे ३ वाजता सुरू होणाऱ्या पाळीसाठी मोटारसायकलने निघाला होता. कारखाना सुमारे ५ किलोमीटरवर राहिला असताना वाटेत अपघात होऊन तो मरण पावला. मागे कुटुंब होते. आयुक्तांनी ३,२६,१४० रुपये आणि त्यावर १२ टक्के व्याज मंजूर केले. विमा कंपनीच्या अपिलावर मुंबई उच्च न्यायालयाने २०११ साली हा आदेश रद्द केला. कारण मृत कामावर नव्हता, कामावर निघालेला होता. सर्वोच्च न्यायालयाने २९ जुलै २०२५ रोजी आयुक्तांचा आदेश पुन्हा कायम केला. कर्मचारी राज्य विमा अधिनियमात २०१० साली घातलेल्या कलमाने घर व कामाची जागा यांमधील प्रवासातील अपघात नोकरीशी जोडले होते. मात्र त्या प्रवासाची वेळ, जागा व परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसला पाहिजे, अशी अट होती. ते कलम मूळचाच अर्थ स्पष्ट करणारे असल्यामुळे मागील अपघातांनाही लागू पडते, आणि दोन्ही कायद्यांतील शब्द सारखेच असल्यामुळे भरपाईच्या कायद्यातही तोच अर्थ घेतला पाहिजे, असे न्यायालयाने ठरविले. पहाटे ३ च्या पाळीला वेळेवर पोहोचण्यासाठी पहारेकऱ्याने रात्रीच निघावे लागते, हे उघड आहे.

कायदा स्पष्ट झाला. पण त्यासाठी २२ वर्षे लागली. ३,२६,१४० रुपयांवर १२ टक्के दराने सरळ व्याजाचा हिशेब केला, तर २२ वर्षांचे व्याज सुमारे ८,६१,००० रुपये होते, म्हणजे मूळ रकमेच्या अडीच पटींहून अधिक. व्याजाने पैशाचे नुकसान काही अंशी भरून निघते. बाप गेला तेव्हा शाळेत असलेल्या मुलाची शाळा व्याजाने परत येत नाही.

म्हणूनच १९७५ च्या सुताराच्या निकालातील दुसरा भाग पहिल्याइतकाच मोलाचा आहे. भरपाई देय केव्हा होते, हा तो प्रश्न. मालकाचे म्हणणे असे की, आयुक्तांनी आदेश दिल्यावर ती देय होते. न्यायालयाने ते अमान्य केले. इजा झाली त्याच क्षणी मालकावर देण्याचे दायित्व येते. आयुक्तांचा आदेश ते दायित्व निर्माण करीत नाही, केवळ मोजतो. रक्कम देय झाल्यापासून एका महिन्यात न दिल्यास व्याज आणि, उशिराला समर्थनीय कारण नसल्यास, ५० टक्क्यांपर्यंत दंड देण्याची कलम ४-अ मधील तरतूद याच विचाराला धरून आहे. विमा कंपनी असल्यास व्याजाचा बोजा तिने उचलावा, दंड मात्र चुकार मालकाने स्वतः सोसावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली ठरविले आहे.

आता हा सर्व कायदा नव्या चौकटीत आला आहे. संसदेने २०२० साली सामाजिक सुरक्षा संहिता संमत केली आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. शंभर वर्षांहून अधिक काळ चाललेल्या १९२३ च्या कायद्याची जागा तिने घेतली. आयुक्तांच्या ठिकाणी संहितेत सक्षम प्राधिकारी आला. घर ते कामाची जागा या वाटेवरील अपघाताचा समावेश, त्याचा नोकरीशी संबंध सिद्ध होण्याच्या अटीवर, संहितेत स्पष्ट शब्दांत केलेला आहे. उच्च न्यायालयाकडे अपील, त्यासाठी कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न आणि ६० दिवसांची मुदत ही जुनी चौकट तिने कायम ठेवली आहे. त्यामुळे जुने निकाल केवळ इतिहासजमा झालेले नाहीत. जे अपघात त्या तारखेपूर्वी घडले, त्यांचे हक्क तर सामान्यतः जुन्याच कायद्यानुसार पारखले जातात.

या सर्वांतून कामगारांनी आणि त्यांच्या संघटनांनी घ्यावयाचा धडा साधा आहे. वस्तुस्थितीचा निवाडा पहिल्याच पायरीवर होतो आणि बहुधा तेथेच कायमचा होतो. यास्तव अपघाताची सूचना मालकाला लेखी व ताबडतोब द्यावी. हजेरीपत्रकाची व वेतनाच्या पावतीची नक्कल जपून ठेवावी. डॉक्टरांच्या दाखल्यात केवळ अवयवाचे नाव नसावे, त्या इजेमुळे कोणते काम करता येणार नाही, याचाही उल्लेख असावा. दाव्यासाठी १९२३ च्या कायद्याने २ वर्षांची मुदत दिली होती. सबळ कारणासाठी ती वाढविता येई, पण त्यावर विसंबून राहणे धोक्याचे होते. ठेकेदाराच्या माणसांनी मुख्य मालकाकडेही भरपाई मागता येते, हे विसरू नये. आणि रुग्णालयाच्या खाटेशी येऊन थोड्या पैशांच्या बदल्यात कागदावर अंगठा मागणाऱ्या मुकादमापासून सावध राहावे. भरपाईचा समझोता नोंदविल्याशिवाय मालक पूर्ण रकमेच्या दायित्वातून सुटत नाही, आणि मृत्यूची भरपाई आयुक्तांमार्फतच दिली गेली पाहिजे, असे कायद्याने मुद्दाम सांगितले होते ते याचसाठी. मालक एका बाजूस व नुकतीच विधवा झालेली स्त्री दुसऱ्या बाजूस असताना होणारा करार हा बरोबरीचा करार नसतो, याची जाणीव १९२३ च्या कायदेकर्त्यांनाही होती.

शासनाच्या बाजूनेही काही करण्याजोगे आहे. आयुक्तांनी दावा ३ महिन्यांत निकालात काढावा, अशी तरतूद २००९ साली करण्यात आली. अपिलासाठी मात्र अशी मुदत नाही. आयुक्तांपुढे पूर्ण पुरावा नोंदविला गेला, कारणे स्पष्ट लिहिली गेली, तर अपिले कमी होतील. जी होतील, त्यांत जखमी माणसाला निदान वादात नसलेली रक्कम लगेच मिळावी. सुताराच्या प्रकरणात मालक स्वतःच अंशतः अपंगत्व मान्य करीत होता. वाद होता तो त्यावरील रकमेचा. निर्विवाद भाग हाती देऊन उरलेल्याचा विचार न्यायालयाने सावकाश केला, तर कायद्याचे काही बिघडत नाही.

अपिलाचा हक्क दोन्ही पक्षांना असला पाहिजे, याविषयी दुमत नाही. पण ज्या कायद्याचा जन्मच कामगाराची दीर्घ लढ्यातून सुटका करण्यासाठी झाला, त्या कायद्याखालील अपील वीस-बावीस वर्षे चालावे हे त्याच्या मूळ हेतूला सोडून आहे. कापलेला हात कोणतेही न्यायालय परत देऊ शकत नाही. त्या हाताच्या कमाईवर जगणारे घर मोडण्यापूर्वी भरपाई त्याच्या दाराशी पोहोचविणे मात्र न्यायव्यवस्थेला शक्य आहे, आणि तेवढीच अपेक्षा हा कायदा तिच्याकडून करतो.